काटा कुणाच्या खाती?

नीतिशास्त्रातले गहन प्रश्न थोरामोठ्यांनाच पडायचे असतात, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. अर्जुनाला पडला तो कुरुक्षेत्रावर, अठरा अक्षौहिणी सैन्याच्या मधोमध, सारथ्याच्या जागी प्रत्यक्ष भगवंत बसलेले असताना. मला पडला तो चार बाय नऊच्या बाल्कनीत, रविवारी सकाळी, लेंगा आणि बनियन अशा वेषात. आणि समोर भगवंतांच्या जागी होता नाकात अकरा काटे रुतलेला कुत्रा.

प्रश्न असा, की ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात निवडुंग ठेवावा का? ऐकायला हा प्रश्न फावल्या वेळच्या बागकामाच्या पुस्तिकेतला वाटतो. मलाही तसाच वाटला होता. पण जसजसा मी त्यात शिरत गेलो तसतशी त्यातून एकेक भानगड निघत गेली, आणि शेवटी जी निघाली ती माझ्याच खात्यावर निघाली. बँकेत एवढी वर्षं काढल्यावर माणसाला एक सवय लागते. कुठलीही रक्कम दिसली की ती कुणाच्या नावे टाकायची, हे ठरल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. हे अकरा काटे मी कुणाच्या नावे टाकायचे?

आधी दोन्ही पक्षांची ओळख करून देतो.

निवडुंग आमच्या घरात आले ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. त्यांना बागेची भारी हौस, पण जन्म गेला दोन खोल्यांत. गुलाब लावावा तर त्याला ऊन हवं, मोगरा लावावा तर त्याला पाणी हवं, आणि आमच्याकडे ऊन आणि पाणी या दोन्ही गोष्टी येऊन-जाऊन असत. तेव्हा नाना निवडुंगाकडे वळले. ते म्हणत, "या झाडाला संसार कळलाय. मिळालं तर पितं, नाही मिळालं तर बोलत नाही." आणि हे म्हणताना ते आईकडे बघत. आई पोळी लाटता लाटता म्हणे, "आणि जवळ गेलं की टोचतं, तेही सांगा."

नाना जाऊन सहा वर्षं झाली. सतरा कुंड्या मागे राहिल्या. ज्या आईनं जन्मभर त्या काट्यांना नावं ठेवली, तीच आता दर एकादशीला हातात चहाचा चमचा घेऊन बाल्कनीत जाते. स्वतः उपास करते आणि निवडुंगांना पारणं घडवते. प्रत्येकाला दोन चमचे, नाना सांगून गेले तसे. त्या वेळी ती त्यांच्याशी काहीतरी बोलते. काय बोलते, ते ऐकायला आम्ही कुणी जात नाही.

दुसरा पक्ष ढब्बूचा. हा गेल्या श्रावणात आमच्या कन्येच्या दप्तरातून घरात आला. वंश रस्त्याचा, रंग तांबूस, एक कान उभा आणि दुसरा अजून निर्णय न झालेला. पहिल्या दिवशी आईनं जाहीर केलं, "या घरात एक तो राहील नाही तर मी." तिसऱ्या दिवशी ती त्याला दुधात भाकरी कुस्करून देताना सापडली. महिनाभरानं निकाल असा लागला, की दोघंही राहिली आणि माझी आरामखुर्ची गेली.

ढब्बूचं तत्त्वज्ञान साधं आहे. जग हे वास घेण्यासाठी निर्माण झालेलं आहे. आपण एखादी वस्तू बघतो, मग विचार करतो, मग जमलं तर हात लावतो. तो आधी नाक लावतो, मग तोंड लावतो, आणि विचार करायचा राहिलाच तर डॉक्टरांकडे जाताना रिक्षात करतो. त्या रविवारी त्यानं फड्या निवडुंगाच्या कुंडीमागे नाक घातलं. पुढचा आवाज आमच्या इमारतीतल्या चारही मजल्यांनी ऐकला.

मोठे अकरा काटे मी चिमट्यानं उजेडात धरून एकेक काढले. त्याला कन्येनं धरलं होतं, कन्येला सौ.नं धरलं होतं आणि चिमटा धरलेला माझा हात आपोआप थरथरत होता. मला वाटलं, झालं काम. पण हा गडी पंजानं तोंड घासतच राहिला. लाळही गळायला लागली. तेव्हा मुकाट्यानं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "मोठे काटे तुम्ही काढलेत. पण फड्याची खरी मेख ती नाही. मोठ्या काट्याच्या बुडाशी केसांसारख्या बारीक काट्यांचा झुबका असतो. त्यांना उलटी आकडी असते. ते शिरतात सहज, निघत नाहीत. आणि कुत्रा घासतो तसे अजून आत जातात."

मी गारच झालो. म्हणजे वर ठळक अक्षरांतला मजकूर आणि खाली मुंगीच्या पायासारख्या अक्षरांतल्या अटी! आमच्या अर्जांवर आम्ही जे करतो, ते या झाडानं कुणाच्या परिपत्रकावाचून केलेलं आहे. बँकेतला माणूसही मोठ्या टाइपातल्या व्याजदरानं घायाळ होत नाही. नंतर जे बोचतं ते खालचं बारीक.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, "घरी आणखी कुठली झाडं आहेत?" मी म्हटलं, "सगळे निवडुंगच." त्यांनी फोटो मागवले, पाहिले आणि माझा एक वर्ग घेतला. त्याचा सारांश असा : खरे कॅक्टस जातीतले निवडुंग बहुतेक विषारी नसतात. त्यांचा त्रास काट्यांचा. तोंडात, पंजात, आणि देव न करो, डोळ्यात. पण आपल्याकडे शेतांच्या बांधावर असतो तो तिधारी निवडुंग कॅक्टस नव्हेच, तो एरंडाच्या कुळातला. त्याचं पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो चीक तोंडाला आणि पोटाला जाळतो, आणि डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टर गाठावा लागतो. आपले शेतकरी कुंपणाला शेर लावतात तोही याच भावकीतला. आणि लालचुटुक फुलांचं ते काटेरी झुडूप, ज्याला इंग्रजीत ख्रिस्ताचा काटेरी मुकुट म्हणतात, तेही त्यांचंच.

"आणि ही काय?" डॉक्टर म्हणाले. कोपऱ्यात आमची कोरफड होती. बिचारी, घरगुती, बहुगुणी, आमच्या तीन पिढ्यांच्या भाजल्या-कापल्याला धावून आलेली. "ही कुत्र्यानं चावली तर उलट्या आणि जुलाब." त्याच्या शेजारी सौ.नं बरकतीसाठी ठेवलेलं ते गुळगुळीत जाड पानांचं जेड. "हेही नको." शेवटी ते म्हणाले, "तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी ते पामसारखं दिसणारं सायकस असेल, तर त्याच्या बिया त्याला चुकूनसुद्धा चघळू देऊ नका. त्यानं यकृत जातं. त्यापुढे तुमचा फड्या म्हणजे सज्जन माणूस."

रिक्षात येताना मी विचार करत होतो. ज्याला आपण सगळे काटेरी म्हणून नावं ठेवतो, त्यानं आपला धोका निदान अंगावर मिरवलेला आहे. लांबून दिसतो. खरी भीती आहे ती गुळगुळीत पानांची, देखण्या रोपाची, दाराशी शोभेला उभ्या असलेल्याची. हा अनुभव मला कर्जाचे अर्ज तपासतानाही आलेला आहे, पण तो विषय वेगळा.

घरी आल्यावर सभा भरली. चिरंजीवांनी मत मांडलं, "एकदा टोचलंय ना, आता शिकेल." अनुभव हाच गुरू, हा सिद्धान्त. ऐकायला भारदस्त आहे. पण दुसऱ्याच दिवशी ढब्बू पुन्हा त्याच कुंडीमागे हजर! सगळ्यांचं नीट लक्ष गेलं तेव्हा कळलं, की तो शिकला होता, फक्त वेगळंच शिकला होता. निवडुंगाला तो भीत नव्हता, चिमट्याला भीत होता. सौ.चा भुवया कोरायचा चिमटा दिसला की पलंगाखाली. म्हणजे काटे घालणारा साव ठरला आणि काटे काढणारा चोर. अनुभव हा गुरू असेल, पण विद्यार्थ्यानं कुठला धडा घ्यायचा हे गुरूच्या हातात नसतं.

सौ.चं म्हणणं, "कुंड्या काढून टाका." कन्या म्हणाली, "युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्ग सोडायला निघाला होता, आपल्याला सतरा कुंड्या सोडता येत नाहीत?" आई काहीच बोलली नाही. उठून आत गेली. आणि आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं, की ती सतरा कुंड्यांची गोष्ट नव्हती.

संध्याकाळी शेजारचे वकीलसाहेब आले. निवृत्त आहेत, त्यामुळे फी न घेता बोलतात आणि म्हणून थांबत नाहीत. त्यांना मी खटला सांगितला. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "भाऊसाहेब, यावर इंग्लंडात 1817 साली खटला झालेला आहे. डीन विरुद्ध क्लेटन." एका जमीनदारानं आपल्या रानात झाडांना लोखंडी सुळे ठोकले होते, अशा उंचीवर की ससा खालून निसटावा आणि त्याच्यामागे धावणारा कुत्रा त्यावर जाऊन आदळावा. एकाचा कुत्रा तसा मेला. त्यानं दावा लावला.

"मग निकाल?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"चार न्यायाधीश. दोघं जमीनदाराच्या बाजूनं, दोघं कुत्र्याच्या. बरोबरीत!"

मला जरा बरं वाटलं. जो प्रश्न चार इंग्रज न्यायाधीशांना सुटला नाही, तो मला सुटला नाही तर त्यात कमीपणा कसला? पण वकीलसाहेब इतक्यात थांबणार नव्हते. "त्याआधीचा 1808 चा निकाल मात्र स्वच्छ आहे. टाउन्सेंड विरुद्ध वॉदन. तिथं माणसानं आपल्या जमिनीत, रस्त्याजवळ, सापळे लावले आणि त्यांत वासाचं मांस ठेवलं. शेजाऱ्याचे कुत्रे वासानं ओढले गेले. मुख्य न्यायाधीश होते लॉर्ड एलनबरो. त्यांचं म्हणणं असं, की कुत्र्याला हातानं ओढून सापळ्यात घातलं काय आणि त्याला आवरता न येणाऱ्या वासानं ओढलं काय, एकच. भरपाई द्यायला लावली. सापळा आणि आमिष एकत्र आलं की संपलं, भाऊसाहेब. तुमच्याकडे सुळे आहेत, पण आमिष थोडंच आहे!"

ते हसले. मीही हसलो, पण माझं हसणं अर्ध्यात अडकलं.

कारण आमिष होतं. रोज सकाळी मी बाल्कनीत बसून पेपर वाचतो आणि चहात खारी बुडवून खातो. खारी हा पदार्थ असा आहे, की त्यातला निम्मा माणसाच्या पोटात जातो आणि निम्मा आसपास. तो चुरा सौ.च्या दृष्टीस पडू नये म्हणून मी चपलेनं हळूच सरकवतो. कुठे? फड्याच्या कुंडीमागे. तिथं केरसुणी पोचत नाही आणि सौ.ची नजरही. गेली कित्येक वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालू होती. ढब्बू वेडा नव्हता. तो माझ्या खारीमागे गेला होता.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. गुन्हेगार निवडुंग की कुत्रा, यावर भरलेल्या सभेचं अध्यक्षस्थान मीच भूषवलं होतं. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या होत्या. 'सबुरीनं घ्या' असंही म्हणालो होतो. आणि सगळा वेळ खारीचा चुरा माझ्या खिशात, म्हणजे माझ्या मनात. हिशेबात तूट आली की आधी शिपायाकडे बघणारे साहेब मी पाहिलेत, त्यांना नावंही ठेवलीत. आता कळलं की त्यांच्या खुर्चीत बसायला बढती लागत नाही.

मग मन पळवाटा शोधायला लागलं. मूळ आरोपीच गाठायचा तर मागे जाऊ, म्हटलं. फड्या निवडुंग हा मुळात आपल्याकडचा नाहीच. कॅक्टस हे अमेरिका खंडांचं वैभव. ईस्ट इंडिया कंपनीला अठराव्या शतकाच्या अखेरीस लाल रंगाच्या धंद्याचा मोह पडला. तो रंग ज्या किड्यांपासून निघतो, ते किडे फड्यावर पोसतात. म्हणून मद्रासेकडे फड्याची लागवड झाली. किडा आला तोही हलक्या जातीचा, रंग काही धड मिळाला नाही, पण निवडुंग मात्र रानोमाळ पसरला. ऑस्ट्रेलियात तर त्यानं कोट्यवधी एकर गिळले. शेवटी 1926 पासून अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्या त्यावर सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावी लोकांनी 1936 मध्ये त्या पतंगाच्या नावानं एक सभागृहच बांधलं. माणसानं आणलं, माणसानं वाढवलं, आणि निस्तरलं एका अळीनं. म्हणजे इतिहास तपासला तरी काटा फिरून माणसाच्याच खाती येतो. पळवाट बंद.

पहाटे उठून बाल्कनीत गेलो तर आई तिथंच बसलेली. पायाशी ढब्बू. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "तुझ्या मुलीला युधिष्ठिराचा कुत्रा माहीत आहे. तो महाभारताच्या शेवटचा. सुरुवातीचा माहीत आहे का तुला?"

मला नव्हता. महाभारताचा शेवट सगळ्यांना माहीत असतो, जसं कर्जाचा शेवटचा हप्ता.

आईनं सांगितलं. जनमेजयाचं सत्र चाललं होतं. तिथं देवांच्या कुत्रीचं, सरमेचं, पिल्लू आलं. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे गेलं. सरमा म्हणाली, तू काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणालं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग सरमा सत्रात आली आणि तिनं विचारलं, माझ्या लेकराचा अपराध काय, ते सांगा. कुणीही उत्तर दिलं नाही. तेव्हा ती म्हणाली, निरपराध्याला मारलंत, तर तुमच्यावरही न दिसणारं संकट येईल.

"मोठमोठे ऋत्विज बसले असतील रे तिथं," आई म्हणाली. "पण कुत्रीनं विचारलं, तर एकाला बोलता येईना."

मी पायाखाली बघत होतो. पायाखाली खारीचा एक तुकडा होता.

"आई, कुंड्या काढायच्या का?" मी विचारलं.

"काढायच्या कशाला? हलवायच्या. निवडुंगाला हलता येत नाही, त्याची चूक नाही. याला कळत नाही, याची चूक नाही. आपल्याला हलताही येतं आणि कळतंही. मग भांडण कसलं?" थोडं थांबून ती म्हणाली, "तू रांगत होतास तेव्हा ह्यांच्याकडे सहा कुंड्या होत्या. तू पहिल्यांदा उंबरा ओलांडलास त्या दिवशी ह्यांनी सगळ्या कुंड्या जिन्यावरून डोक्यावर घेऊन गच्चीत नेल्या. चांगला पाच वर्षांचा होईपर्यंत तिथंच होत्या. 'एकदा टोचलं की शिकेल' असं तुझ्या बाबतीत कुणी म्हणालं नाही."

हे मला ठाऊकच नव्हतं. नाना म्हटलं की मला त्यांच्या त्या कुंड्याच आठवतात. त्या पाच वर्षं माझ्यासाठी घराबाहेर राहिल्या होत्या, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मिळालं तर प्यायचं, नाही मिळालं तर बोलायचं नाही. त्या झाडाचा गुण त्यांनी उचलला होता की झाडानं त्यांचा, कोण जाणे.

पुढच्या रविवारी मी लोखंडी मांडणी आणली आणि बाल्कनीच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला ठोकून घेतली. चौदा कुंड्या तिच्यावर चढल्या. आईच्या चमच्यासाठी एक स्टूल आलं आणि तिच्या स्टुलासाठी एक धरणारा, म्हणजे मी. एकादशीला मी स्टूल धरून उभा असतो, त्यामुळे ती निवडुंगांशी काय बोलते ते आता मला ऐकू येतं. ते मी इथं लिहिणार नाही.

उरल्या तीन. कोरफड स्वयंपाकघराच्या खिडकीत उंच गेली आणि जेड सौ.च्या माहेरी. राहिला तो चिकाचा तिधारी. तो कुणाला तरी द्यायचा ठरला, आणि इथं नवाच पेच पडला. आपल्या घरचा धोका दुसऱ्याच्या घरी देणं म्हणजे बुडीत कर्ज दुसऱ्या शाखेच्या गळ्यात मारण्यासारखं. म्हणून घेणाऱ्याची मी रीतसर के.वाय.सी. केली. घरी कुत्रा आहे का? मांजर? रांगणारं मूल? चीक डोळ्यात गेला तर काय करायचं ते माहीत आहे का? चौघांनी ऐकून घेतलं आणि "नको, राहू दे" म्हणाले. पाचव्यानं विचारलं, "एवढी चौकशी तर कर्जालासुद्धा करत नाही तुम्ही!" शेवटी एका शेतकरी खातेदारानं बांधावर लावायला नेला. जिथला होता तिथं गेला.

मांडणीवर फड्या चढवताना माझ्या अंगठ्यात तो बारीक काट्यांचा झुबका शिरला. सगळे धावले. सौ.नं चिमटा आणला, त्याबरोबर ढब्बू पलंगाखाली गेला. पण मी "आई गं" म्हटल्यावर तो भीत भीत, सरपटत बाहेर आला आणि त्यानं माझं मनगट चाटलं. ज्याच्या खारीपायी नाकात अकरा काटे गेले, त्याचंच मनगट. सरमेच्या वंशातला असून शाप बिप काही नाही. मला तो शाप परवडला असता.

तेव्हा ते अकरा काटे मी माझ्या नावे टाकले आणि खातं बंद केलं. कबुली द्यायची तेवढी राहिली होती. त्या रात्री जेवताना धीर करून मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मला एक सांगायचंय..."

आई ताकाचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "उद्यापासून खारी आत बसून खात जा. आणि खाली ताटली घे."